सीआरपी वाढले, ईजीएफआर घसरला : काळजी कशाची करावी?

प्रश्न : माझे वय ५८ असून मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या वर्षी १.२ असलेले क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो रक्तातील टाकाऊ पदार्थ) या वेळी १.४ आले आणि ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळते याचा अंदाज, ७० वरून ५८ वर घसरला. त्याच रिपोर्टमध्ये शरीरातील सूज म्हणजेच दाह दाखवणारे सीआरपी ६.२ आहे आणि त्यापुढे ठळक अक्षरांत ‘हाय’ असे छापले आहे. शरीरातील ही सूज माझी मूत्रपिंडे खराब करीत आहे का? ती उतरवण्यासाठी गोळी घ्यावी का? गुडघेदुखीसाठी मी अधूनमधून डायक्लोफेनॅक घेतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तुमच्या गुडघेदुखीच्या गोळीविषयी. डायक्लोफेनॅक आजच थांबवा आणि आयबुप्रोफेनसारख्या तिच्या भावंडांपासूनही दूर राहा. मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक धमनी मोकळी ठेवणारी द्रव्ये या गोळ्या रोखतात, त्यामुळे आधीच थकलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका अधिक असतो. मात्र त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. गुडघ्यासाठी पर्यायी औषध डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आता सीआरपी. हे प्रथिन यकृत तयार करते. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. शरीरात दाह आहे एवढेच ते सांगते, तो कुठे आहे हे सांगत नाही. दुखऱ्या हिरड्या, पोटावरची चरबी, धूम्रपान, नुकताच होऊन गेलेला ताप किंवा लघवीतील जंतुसंसर्ग, यांपैकी कशानेही ६.२ हा आकडा येऊ शकतो. शिवाय हे नाते दुहेरी आहे : दीर्घकालीन दाहाने मूत्रपिंडाचे नुकसान होते आणि मूत्रपिंड मंदावले की दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात साचतात. म्हणून दोन्ही आकडे एकाच कागदावर दिसले, तरी एकामुळे दुसरा झाला असे म्हणता येत नाही.

दाह थेट दाबून पाहण्याचा प्रयत्नही झाला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅन्टॉस या मोठ्या चाचणीत कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनाने सीआरपी उतरले आणि हृदयविकाराचे झटकेही कमी झाले. मूत्रपिंडाची घसरण मात्र म्हणावी तशी थांबली नाही. म्हणूनच सीआरपीच्या मागे लागण्यापेक्षा मला तुमच्या लघवीची तपासणी अधिक मोलाची वाटते. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, आणि मधुमेहींच्या बाबतीत हीच तपासणी वारंवार राहून जाते याचे मला वाईट वाटते. सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण करून घ्या. ते ३० च्या वर राहिले, तर मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिन झिरपते आहे असे समजावे. ईजीएफआर तीन महिन्यांनी पुन्हा पाहावा, कारण ६० च्या खालचा आकडा तेवढा काळ टिकला तरच त्याला दीर्घकालीन विकार म्हणतात. डायक्लोफेनॅक थांबवल्यावर तो थोडा सुधारूही शकतो.

दरम्यान साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा आणि हिरड्या दंतवैद्यांना दाखवा. डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीच्या वर्गातील औषधे मूत्रपिंडाची घसरण मंदावतात हे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. ती तुम्हाला योग्य आहेत का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा लघवीतून रक्त गेले, तर तीन महिने वाट न पाहता लगेच मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जा.