टाटाच्या कॉमन रेल (एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल देणाऱ्या) ट्रकला बाहेरचा डिझेल पंप आणि जादा फिल्टर बसवावा का? सोलापुरात ऊस भरून चढाला गाडी ओढत नाही.

फिल्टर जरूर बसवा, पंपाची घाई नको. आधी फिल्टरकडे येणाऱ्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडून गाडी रेस करा. बुडबुडे दिसले तर लाइन हवा घेतेय. वॉशर आणि क्लिप बदला, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

जादा फिल्टर पाणी वेगळं करणाराच घ्या, टाकी आणि मूळ पंपाच्या मधे. कॉमन रेलचा दाब 1,600 बारच्या पुढे जातो. तिथे पाण्याचा थेंबही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) खराब करतो. या फिल्टरचा खालचा नळ रोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी सोडून साचलेलं पाणी काढा.

पंप लावायचाच तर टाकीजवळ, चेसिसला, खालच्या बाजूला. वायरिंग रिले-फ्यूजमधूनच घ्या. दाब मात्र कंपनीच्या मर्यादेतच ठेवा, नाहीतर मूळ पंपाचे सील जातील. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय लाइन कापू नका.