एअरगनच्या स्कोपचा वरचा नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी छर्रा खालीच लागतो. स्कोप खराब आहे का?

स्कोप बहुतेक धडधाकट आहे. बंदुकीची नळी पुढून किंचित खाली झुकलेली आहे. आणि 'तुमचा हात हलतो' असं तुम्हाला कुणी ऐकवलं असेल, तर त्या माणसाला हे उत्तर आधी मोठ्याने वाचून दाखवा.

आमची कलमं देवगड तालुक्यात. मी मुंबईहून स्प्रिंगची, नळी मोडून भरायची एअरगन आणली, वर 4×32 चा स्कोप, म्हणजे चौपट मोठं दाखवणारी, 32 मिमी काचेची नेमाची दुर्बीण चढवलेली. खळ्याच्या टोकाला आंब्याच्या पेटीची फळी, मागे वाळूचं पोतं, अंतर दहा मीटर. छर्रे सगळे ठिपक्याच्या तीन-चार बोटं खाली. नॉब 'अप'कडे फिरवत गेलो, छर्रे थोडे वर आले आणि मग थांबले. नॉब कटकट वाजत होता, छर्रा मात्र जागचा हलेना. पडवीत आमचे काका सुपारी कातरत बसलेले. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोर, त्यामुळे बंदूक या विषयात घरात शेवटचा शब्द त्यांचाच. म्हणाले, "तुजो हात हालता. काचेक कित्याक दोष देतंस?"

मी दुकानदाराकडे गेलो. त्याने कुरकुर न करता स्कोप बदलून दिला. नवा स्कोप चढवला, छर्रे पुन्हा तिथेच खाली. माझ्या दृष्टीने विषय संपला होता: दोन स्कोप एकसारखे कसे बिघडतील? काका म्हणाले, "बग, काच बदलली, हात तोच." पुरावा एक आणि निकाल दोन! पुढे तर कहर झाला. काकांनी स्कोप काढायला लावला, माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या उंचवट्यावर नेम धरला आणि ठिपका फोडला. मग गणपतीत, शिमग्यात, ज्या ज्या वेळी चार माणसं घरी जमली त्या त्या वेळी ही गोष्ट सांगितली गेली.

आता ऐका, कारण तुमच्या प्रश्नाची मेख इथेच आहे. या जातीच्या बंदुकीत पुढची माशी आणि मागची खाच बहुधा दोन्ही नळीवरच असतात. नळी झुकली की त्याही तिच्याबरोबर झुकतात, म्हणून नेम बरोबर लागतो. स्कोप बसतो मागच्या, स्प्रिंगच्या घरावर. तो सरळ बघतो आणि नळी खाली बघते. माशीवर नेम लागला म्हणून बंदूक निर्दोष ठरत नाही आणि माझा हात दोषी तर मुळीच ठरत नाही. हात हलणाऱ्याचे छर्रे फळीभर विखुरतात. माझे सगळे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जात होते, फक्त खाली. हे मी काकांना समजावलं. त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

नॉब वाजतो आणि काही होत नाही, त्याचं कारण असं. नेमाच्या रेषांचा क्रॉस स्कोपमधल्या एका आतल्या नळीत असतो. एका बाजूने नॉबचा स्क्रू तिला दाबतो, समोरून स्प्रिंग रेटते. 'अप'च्या टोकाला गेलात की स्क्रू मागे सरतो, स्प्रिंग सैल पडते आणि आतली नळी स्क्रूच्या मागे येतच नाही. म्हणून टोकाला जाऊन झगडू नका. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत फिरवा, निम्म्यावर आणून ठेवा. जोर लावू नका.

स्कोप बंदुकीवर दोन रिंगांनी (कड्यांनी) धरलेला असतो. मग मागच्या रिंगेत स्कोपच्या खाली पातळ पट्टी टाका. मागचीच रिंग, पुढची नव्हे. हिशोब सोपा आहे: दोन रिंगांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर असेल, तर दहा मीटरवर छर्रा पट्टीच्या जाडीच्या शंभरपट वर चढतो. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा साधारण 0.1 मिमी, म्हणजे 1 सेंटिमीटर. मी जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह वापरल्या. काकीच्या लग्नाच्या होत्या, बुरशीने आधीच गेलेल्या. दोन-तीन पट्ट्यांवर जाऊ नका, स्कोपची नळी वाकते. तेवढ्यानेही भागलं नाही तर मागून उंच असलेला, झुकलेल्या नळीसाठीच बनवलेला माउंट (स्कोप धरणारी बैठक) मिळतो, तो घ्या.

आणखी एक. नॉबवर 'पाव इंच, 100 यार्ड' लिहिलेलं असतं, म्हणजे नॉबची एक 'कट' (क्लिक) 100 यार्डांवर छर्रा पाव इंच सरकवते. दहा मीटरवर तो क्लिक जेमतेम 0.7 मिमी सरकवतो. चार क्लिक फिरवून फरक दिसत नाही म्हणणाऱ्यांनी छर्रा 4.5 मिमीचा आहे हे लक्षात घ्यावं. एक इंच हलवायला पस्तीसेक क्लिक लागतात.

छर्रे खाली नसून विखुरलेले असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवा. मग आधी माउंटचे, दस्त्याचे आणि नळीच्या सांध्याचे स्क्रू तपासा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ते गंजून घट्ट वाटतात पण धरलेले नसतात; काढा, पुसा, तेलाचं बोट लावून पुन्हा आवळा. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन धक्के देते, त्याने साधे स्कोप आतून खिळखिळे होतात, म्हणून एअरगनसाठीचाच स्कोप घ्या. आणि हो, अशा बंदुकीला घट्ट आवळून धरलं तरी छर्रे विखुरतात. तेवढ्यापुरता हात दोषी असू शकतो. हे वाक्य काकांना वाचून दाखवायची गरज नाही.

परवाना लागत नाही तो 20 ज्यूलच्या आतल्या, 4.5 मिमीच्या एअरगनला. पण म्हणून कलमांवरच्या वांदरांवर झाडायला ती नाही; तिथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. फळीमागे वाळूच ठेवा, जांभ्या दगडावरून छर्रा उलटा येतो.

पट्टी टाकल्यावर पहिला ठिपका फुटला तेव्हा काकांना हाक मारली. त्यांनी फळी पाहिली, बंदूक पाहिली, म्हणाले, "सवय झाली आता तुका." तुमच्याकडे असं कुणी असेल तर पट्टी टाकण्याआधीचा कागद आणि नंतरचा कागद, दोन्ही तारीख टाकून त्याच्या सहीनिशी जपून ठेवा. मी ठेवला नाही म्हणून हे उत्तर लिहावं लागतंय.