दूध-दही रोज, तरी बी-१२ कमी

प्रश्न : वय ५२, शाकाहारी. हिमोग्लोबिन ८.९ होतं म्हणून तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, पण आकडा हलला नाही. तळपायांना मुंग्या येतात. आता एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ११२ आणि बी-१२ फक्त १२० निघालं. रोज दूध-दही खाते, मग कमी कसं? मधुमेहासाठी आठ वर्षं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज सकाळी एक गोळी चालू आहे.

उत्तर : कारण बहुधा तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. पण आधी दुधाचा हिशेब. गरज दिवसाला सुमारे २.२ मायक्रोग्रॅम. १०० मिली दुधात साधारण ०.४, आणि उकळताना त्यातलंही थोडं जातं. दोन कप चहा नि वाटीभर दही यांत १ मायक्रोग्रॅमसुद्धा जेमतेम मिळतं. मोड आलेली कडधान्यं, इडली, स्पिरुलिना यांवर भिस्त ठेवू नका.

जे पोटात जातं तेही सरळ रक्तात जात नाही. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी-१२ जठरातलं आम्ल सुटं करतं; पित्ताची गोळी नेमकं तेच आम्ल कमी करते. मग जठरातच तयार होणारा 'इंट्रिन्सिक फॅक्टर' त्याला लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतो आणि तिथे ते शोषलं जातं. मेटफॉर्मिन या टप्प्यात अडथळा आणतं. त्या भागाचा क्षयरोग किंवा शस्त्रक्रिया, तसंच इंट्रिन्सिक फॅक्टरविरुद्ध शरीरानेच बनवलेल्या अँटिबॉडीज, हीही कारणं असतात; अँटिबॉडीजची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून हे सगळं उशिरा उघड होतं.

लोहाने फरक पडला नाही, कारण मोठ्या आकाराच्या पेशी (एमसीव्ही १०० च्या वर) हे लोहाच्या कमतरतेचं चित्रच नाही. लोह आणि बी-१२ या दोन्ही कमतरता एकत्र असल्या तर मात्र एमसीव्ही फसवा 'नॉर्मल' येतो. अशा वेळी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) पाहावं.

मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. मुंग्या आहेत, म्हणजे नसांना (मज्जातंतूंना) झळ लागली आहे. बी-१२ चं इंजेक्शन लांबवू नका. पुढे १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळीही पुरू शकते : इंट्रिन्सिक फॅक्टर नसला तरी तिच्यातलं सुमारे १ टक्का आपसूक शोषलं जातं, म्हणजे १० मायक्रोग्रॅम.

प्रश्न : घरात फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आहेत. त्या चालतील का?

उत्तर : एकट्या नकोत. ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत गरोदर गिरणीकामगार स्त्रियांचा असाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय अभ्यासला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो हे दाखवलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. रक्तात फॉलिक ॲसिड आणि बी-१२ या दोन्हींच्या कमतरता सारख्याच दिसतात, धोका तिथेच आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, रिपोर्ट छान येतो, आणि नसांची हानी आतून चालूच राहते.