निघाला का फोटो?

बाळा, सलाम.

रविवारी चर्चची उपासना सुटल्यावर चपला शोधता शोधता तू जे बोललास त्याला मी काही उत्तर दिलं नाही. चल चहा घेऊ म्हणलं आणि गाड्यावर उभा राहून तुला हळदीचे भाव सांगत बसलो. तुला वाटलं असेल अंकलनी टाळलं. टाळलंच. तुझं बोलणं मला लागलं होतं, आणि लागलेला माणूस लगेच तोंड उघडतो तेव्हा नुसता उपदेश बाहेर पडतो.

तू म्हणालास, "अंकल, मी क्वायर सोडतोय. गाताना मी डोळे मिटतो, पण चॅनेलसाठी मोबाइल कुठं लावलाय ते मिटल्या डोळ्यांनी पण मला माहीत असतं."

घरी येऊन आंटीला सांगितलं. नाव नाही सांगितलं, पण तिनं ओळखलं, सगळं ओळखते ती. म्हणाली, पोरगं खरं बोलतंय, तुमच्यापेक्षा बरंय. त्यावर मी जेवलो नाही नीट.

तू किती छान गातोस, देवानं देणगी दिलीय, निराश होऊ नको वगैरे मी लिहिणार नाही. ते बाकीचे रोज सांगतात आणि तिथूनच तर सगळा घोळ सुरू झालाय. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि तीच तीच सांगणार आहे, कंटाळा आला तर येऊ दे. कुणाला सांगू नको. जे काही प्रभूसाठी करशील ते कुणाला सांगू नको. बस.

आता हे मी कुठं शिकलो ते ऐक.

२०१९ चा ऑगस्ट. तू तेव्हा शाळेत असशील. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ च्या वर, अर्धी सांगली पाण्यात. पाणी ओसरल्यावर आम्ही मंडळीतर्फे किट वाटायला निघालो, तांदूळ, आटा, तूरडाळ, तेलाची पिशवी, मेणबत्त्या, काडेपेटी, फिनेलची बाटली. बॅनर पण केला होता, म्हणजे किट भरायच्या आधी बॅनर छापून आला होता हे आत्ता लिहिताना आठवतंय. एका गल्लीत एक म्हातारी उंबऱ्यात उभी होती. घरात घोट्याएवढा चिखल, भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ, गाद्या बाहेर काढून टाकलेल्या आणि त्यांचा तो कुबट वास. मी पिशवी पुढं केली, तिनं धरली. आमचा पोरगा मोबाइल घेऊन समोर, "अंकल थोडं इकडं, बॅनर येत नाही, आजी वर बघा, आजी वर." आजी काही वर बघेना, पदर तोंडावर ओढून घेतला आणि पिशवी ओढायला लागली. आणि मी सोडेना! फोटो व्हायचा होता ना. ती ओढतेय, मी धरून ठेवलंय, आणि हसतोय कॅमेऱ्याकडं बघून. मग ती म्हणाली,

"निघाला का फोटो? मग सोड की हात."

पोरं हसली. मी पण हसलो. रात्री तो फोटो स्टेटसला टाकला, खाली बायबलातलं, मत्तय २५ मधलं, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, आणि झोपायच्या आधी किती जणांनी बघितला ते चार वेळा बघितलं. दोनशेच्या वर गेला होता. लाज कधी वाटली विचारशील तर त्या दिवशी नाही. दीड-दोन महिन्यांनी. वजनकाट्याजवळ उभा होतो, एकदम तिचं ते ओढणं हाताला जाणवलं, अजून जाणवतं.

मी मार्केट यार्डात बावीस वर्षं अडतीच्या दुकानात दिवाणजी होतो हे तुला माहीत आहे. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, झाली, पैसे मोजून दिले की कागदाच्या तळाला लिहून घ्यायचं, रोख रक्कम भरून पावलो, आणि खाली सही नाहीतर अंगठा. एकदा ते लिहिलं की विषय संपला, उद्या येऊन अजून शंभर द्या म्हणता येत नाही. आता मत्तयाचा सहावा अध्याय काढ. लोकांनी बघावं म्हणून दान करणारे, चौकात उभं राहून प्रार्थना करणारे, उपासाच्या दिवशी तोंड पाडून फिरणारे, तिघांबद्दल प्रभू काय म्हणतो? ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत. भरून पावले! मी हजार वेळा हे वाक्य वाचलं असेल आणि रोज दुकानात पण लिहून घेतलं असेल पण दोन्ही एकच आहे हे कळायला म्हातारी लागली. दोनशे जणांनी स्टेटस बघितला, माझी पट्टी झाली, सही झाली. वरती माझ्या नावावर त्या किटचा एक दाणा शिल्लक नाही.

म्हणून म्हणतो सांगू नको.

आता तू लगेच म्हणशील, अंकल, मग तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या असं पण लिहिलंय ना पाचव्या अध्यायात. लिहिलंय. पास्टरांनी पण मला तेच ऐकवलं. अरे पण दिवा स्वतः बोंबलत नाही मी जळतोय म्हणून. आणि पुढचं वाच, लोकांनी पित्याचं गौरव करावं म्हणून, तुझ्या चॅनेलचं नाही. असो, या मुद्द्यावर माझं डोकं फिरतं, पुढं जाऊ.

तुझा खरा घोळ वेगळा आहे. तू म्हणतोस मन साफ झालं की परत गाईन. हे कुठनं काढलंस?

मी वयाच्या सतराव्या वर्षी गलाईच्या दुकानात कामाला गेलो. आमच्या विट्याकडची, खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी आटवायच्या धंद्यात देशभर पसरलीयत, तसे आमच्या गावचे एक शेठ मदुराईला होते. १९८६ ते ९१, पाच वर्षं. जुन्या दागिन्याचं सोनं यायचं, त्यात तांबं, चांदी, डाग. ते शुद्ध कसं करतात माहितीय? आधी त्यात अजून चांदी मिसळतात. सोन्याच्या दुप्पट-तिप्पट. कारण सोनं जास्त असलं तर तेजाब, म्हणजे ॲसिड, आत शिरतच नाही, नुसतं वरवर चाटून सोडून देतं. मग मूशीत वितळवायचं, पातळ पत्रा करायचा, तेजाबात उकळायचा, तांबूस धूर निघतो, डोळे आणि घसा जळतो. चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाला काय राहतं? माती. तपकिरी, विटेच्या चुऱ्यासारखी माती, चमक नाही काही नाही. पहिल्याच आठवड्यात मी घाण समजून ती मोरीत ओतायला निघालो होतो, शेठनी असं मनगट धरलं माझं की वळ उठला. ते शुद्ध सोनं होतं. धुवून, सवागी, म्हणजे टाकणखार, टाकून परत भट्टीत गेलं तेव्हा पिवळं झालं.

तर सांग, कुठल्या सोन्याला आधी शुद्ध होऊन ये मग मूशीत घालतो म्हणतात? तुला आत्ता जे वाटतंय, की माझ्यात सगळी मातीच आहे, ते मला काही वाईट लक्षण वाटत नाही. सहा महिन्यांपूर्वी तुला मोबाइल कुठं लावलाय याचं काही वाटत नव्हतं. तेव्हा चमकत होतास.

बायबलातल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावर, जिथं देव रुपं गाळणाऱ्यासारखा बसतो त्यावर, बोलणारा प्रत्येक जण सांगतो की गाळणाऱ्याला रुप्यात स्वतःचा चेहरा दिसला की ते शुद्ध झालं. चेहऱ्याचं मलाखीत काही लिहिलेलं नाही आणि पाच वर्षांत मूशीवर वाकून चेहरा बघणारा मी तरी कुणी बघितला नाही, भुवया जळतील. लिहिलंय ते एवढंच की तो बसतो. गाळणारा बसतो. हे मात्र अगदी खरं आहे, शेठ जेवायला पण उठायचे नाहीत. बसायचं काम त्याचं आहे. आणि तू काय करतोयस, दर दोन मिनिटांनी उठून स्वतःच्या मूशीत डोकावतोयस, झालो का शुद्ध, झालो का शुद्ध.

उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये म्हणतो ना प्रभू, तो डावा हात म्हणजे शेजारी नाही रे. डावा हात पण तुझाच आहे. कुणाला सांगू नको यात तू पण आलास.

अजून एक, जरा टोचेल. तू क्वायर सोडलंस आणि कारण सांगितलंस ना, की माझं मन शुद्ध नव्हतं म्हणून सोडलं, तर महिनाभरात त्याची साक्ष होईल. युथ मीटिंगला बोलावतील. लोक म्हणतील किती प्रामाणिक पोरगा. आणि तिथं पण मोबाइल लावलेला असेल.

बायबलातल्या हनन्या-सप्पीरेचं पण तेच झालं, जमीन विकून मंडळीला पैसे आणून देणारे ते नवरा-बायको. लोक म्हणतात पैसे मागं ठेवले म्हणून मेले. प्रेषित पेत्र तर स्पष्ट म्हणतो, जमीन तुझी होती, विकल्यावर पैसे पण तुझ्याच हातात होते. अर्धे ठेवले असते आणि अर्धे आहेत म्हणाला असता तर कुणी काही म्हणलं नसतं. अर्धं देऊन पूर्ण दिल्याचा फोटो हवा होता त्याला.

माझं ऐकून मी काय मिळवलं ते पण सांगतो. हंगामाच्या सणाला आपल्याकडं लिलाव होतो, एक नारळ दोन हजाराला जातो कारण माइकवर नाव येतं. पुरानंतरच्या वर्षी मी कमिटीत अडून बसलो, नावं वाचायची नाहीत. एकटाच होतो. शेवटी एक वर्ष नाही वाचली. जमा निम्म्यावर आली. पुढच्या निवडणुकीत मी कमिटीतून बाहेर, आणि नावं परत सुरू. मला अजून विचारतात, काय मिळालं तुम्हाला, मंडळीचं छप्पर गळायचं राहिलं का? गळतंय, मान्य आहे, माझ्याच बाकावर गळतंय. पण मी परत अडून बसेन. जे निम्मे आले ना, ते खरे होते. बाकीचे निम्मे माइकचे होते. मी चुकलो नाही. पास्टर काय म्हणायचं ते म्हणू देत.

आणि मग मजा बघ. हळूहळू माझं नाव झालं, अंकल कधी काही सांगत नाहीत, गुपचूप करतात. एका अंत्यविधीला कुणीतरी माझ्यासमोर तिसऱ्याला हे सांगितलं आणि मी मान खाली घातली. पण ती मान किती खाली घालायची, कशी घालायची हे मला बरोबर माहीत होतं. तुझ्या मिटलेल्या डोळ्यांसारखंच. आता गेली सहा वर्षं मी एका घरी दर महिन्याला

नको. बघितलंस ना कसं येतं तोंडावर? लिहूनच टाकलं होतं. खोडत नाही, तसंच राहू दे.

नारायण वामन टिळकांची गीतं तू उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातून गातोस. त्यांचं शेवटचं साताऱ्यातलं तुला कुणी सांगितलं नसेल. १९१७ ला, पन्नाशी ओलांडलेली, नाव झालेलं, मिशनची नोकरी आणि पगार सोडून हा माणूस साताऱ्यात येऊन राहिला आणि देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही त्यात चालतील म्हणून. १९१९ ला गेले. मला ते फार आवडतात. पण पगार सोडताना त्यांच्या मनात किती शुद्ध होतं आणि किती मिसळलेलं होतं हे मला कसं कळणार, तुला कसं कळणार? ते गुप्तदर्शी पित्याकडं आहे. जे अंतःकरणाचे शुद्ध ते देवाला पाहतील असं लिहिलंय, लोक त्यांना पाहतील असं नाही लिहिलेलं.

तर आता काय करायचं. क्वायर सोडू नको. स्टँडवरचा मोबाइल काढ, कारण कुणाला सांगू नको, विचारलं तर बॅटरी संपली म्हण, नको, खोटं नको, नुसतं हस. चॅनेल बंद करतोय अशी पोस्ट टाकू नको, टाकलीस तर मी येऊन कान धरीन. आणि आठवड्यातनं एकदा कुठंतरी जाऊन गा जिथं माइक नाही. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा नाही, कर्नाटकातनं पण पेशंट येतात, कितीतरी जणांजवळ रात्रीचं बसायला कुणी नसतं. एखाद्याच्या कॉटजवळ बसून हळू आवाजात एक गीत. त्याला विचारून, नाहीतर माझ्यासारखं पिशवी धरून ठेवशील. सूर चुकला तरी चालेल. गेलास की नाही ते मला सांगू नको. मी विचारणार नाही. विचारलंच, म्हणजे म्हातारपण आहे, जीभ सुटते, तर उत्तर देऊ नको.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिल्या दोन्ही वेळेला पुराची गोष्ट होती, पण मी पिशवी धरून ठेवली होती ते नव्हतं. आजी नुसतीच पदर ओढून उभी होती.

रविवारी साडेआठला ये, पेटीची चावी माझ्याकडंच आहे. आंटीनं शेंगदाण्याची चटणी केलीय तुझ्यासाठी, डबा परत आण, मागच्या वेळचा अजून तुझ्याकडंच आहे.

तुझा,
अंकल