पोलिसांना सैन्यासारखी सलामी आणि पदकं कशाला? आणि हे उघड लिहिलं तर गुन्हा दाखल होतो का?

आधी दुसऱ्या भागाचं उत्तर देतो, ते सोपं आहे. नाही होत. निदान होऊ नये. ‘पोलिसांनी सैन्याची नक्कल बंद करावी, हवेत फैरी झाडणं हा नुसता देखावा आहे’ एवढं लिहून कुठलाच कायदा मोडत नाही. भाषणस्वातंत्र्यावर बंधनं कोणत्या कारणांसाठी घालता येतात त्याची यादी घटनेच्या कलम १९(२) मध्ये दिली आहे. देशाची सार्वभौमता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. संपली यादी. खात्याची शान आणि वर्दीची इभ्रत तिच्यात कुठे नाही. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगूनच टाकलं की ही यादी पूर्ण आहे, तिच्यात आणखी कारणं घुसवता येणार नाहीत.

तुमच्या प्रश्नातला ‘नक्कल’ हा शब्द मात्र मला झोंबला. म्हणून पहिल्या भागावर जरा लांबण लागणार आहे.

मी पोलीस लाइनीत वाढलो, आता वकिली करतो. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, मामा पायदळातून सुभेदार म्हणून. एका घरात हे दोन्ही असले की काय होतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. वडिलांना पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह मिळालं तेव्हा मामांनी विचारलं होतं, “दाजी, हे कशाचं? गणपतीच्या बंदोबस्ताचं का?” सगळे हसले. वडीलही हसले, त्यामुळे ते हसण्यावारी गेलं.

पुढचं नाही गेलं. आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे एक पोलीस नाईक रात्रीच्या नाकाबंदीत मारले गेले. ट्रकला थांबायला हात केला आणि तो थांबला नाही. अंत्यविधी त्यांच्या गावी होता. मुख्यालयातून तुकडी आली होती, सगळी पोरसवदा, आदल्या रात्रीच्या बंदोबस्तावरून थेट आणलेली. ‘शोक शस्त्र’चा हुकूम झाला तेव्हा एकाची रायफल उलटी करताना अडली, शेजारच्यानं मान न वळवता कोपरानं ती सावरून दिली. तीन फैरी झाल्या. तिसऱ्या वेळी एकाचा बार उडालाच नाही, नुसता खटक्याचा आवाज आला आणि तो नजर समोर ठेवून तसाच उभा राहिला. मग बिगुल वाजला. तो संपतो न संपतो तोच गावातली पोरं रिकाम्या पुंगळ्या गोळा करायला धावली आणि त्यांच्यामागे तुकडीचा हवालदार. एकेका पोराची मूठ उघडायला लावून तो पुंगळ्या परत घेत होता, कारण काडतुसं किती नेली आणि पुंगळ्या किती आणल्या याचा हिशेब शस्त्रागारात द्यावा लागतो.

मामा माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, “सगळं आमचंच ढापलंय, आणि तेही धड जमत नाही. हा काय सीमेवर पडला का? ट्रकखाली आला.” हळू बोलणं मामांच्या स्वभावात नाही. वडील दोन पावलं पुढे होते. त्यांना ऐकू गेलं हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईनं भावाला चांगलं झापलं. वडील तोंड धुऊन ड्यूटीवर निघून गेले.

आता ‘ढापलंय’चा हिशेब. आपले पोलीस मुळात अर्धे लष्करीच जन्मले. १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर चार्ल्स नेपियरनं तिथं आयर्लंडच्या सशस्त्र पोलिसांच्या धर्तीवर दल उभारलं आणि पुढे तोच नमुना मुंबई इलाख्यात आला. १८५७ चा दणका बसल्यावर १८६१ चा पोलीस कायदा झाला. इंग्रजाला हवं होतं ते लोकांना धाकात ठेवणारं दल, चोर पकडणं त्यानंतर. कवायत, बिगुल, सलामी शस्त्र हे सगळं तेव्हापासूनचं. एकाच मालकानं दोन्ही नोकरांना एकच रीत लावली, त्यात कोण कुणाचं ढापणार?

पदकांचंही तेच. परमवीर, महावीर, वीर चक्र ही शत्रूसमोरच्या लढाईतल्या शौर्यासाठी, ती चौकीतला पोलीस मागतही नाही. पोलिसांची पदकं वेगळी आहेत, राष्ट्रपतींचं पोलीस पदक १९५१ मध्ये सुरू झालं. अशोक चक्र मात्र शत्रूसमोरच्या लढाईबाहेरच्या शौर्यासाठी असल्यामुळे ते सैनिक, पोलीस, साधा नागरिक, कुणालाही मिळू शकतं. तुकाराम ओंबळे यांना ते २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर मिळालं. गिरगाव चौपाटीवर हातात लाठी असलेल्या माणसानं कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली. मामांना हे मी सांगितलं की त्यांचं ठरलेलं उत्तर येतं, “ते आधी आमच्यात होते.” खरं आहे. ओंबळे सैन्याच्या सिग्नल दलातून आले होते. पण त्या रात्री अंगावर वर्दी कुठली होती?

२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो, तो का हे तरी तपासा. १९५९ मध्ये लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सजवळ चिनी सैनिकांच्या गोळीबारात दहा जवान गेले. ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. सीमेवर कोण पडलं याचं उत्तर मामांना इथंही मिळेल.

दोन ठिकाणी मामांची बाजू खरी आहे. पहिलं म्हणजे चट्टेपट्ट्यांचे कपडे. गडचिरोलीच्या जंगलात सी-६० या नक्षलविरोधी पथकाच्या जवानानं ते घालावेत, जीव वाचतो. शहरात डांबरी रस्त्यावर दंगल आवरायला आलेल्या पोलिसाला कुणापासून लपायचंय? उलट तो लांबून पोलीस म्हणून दिसला पाहिजे. सैन्य यावर कुरकुरतं ते रास्त आहे; २०२२ मध्ये नवा लढाऊ गणवेश आणल्यावर त्यांनी त्याच्या डिझाइनची रीतसर नोंदणीच करून घेतली. दुसरं म्हणजे तिरंगा. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाबद्दलचा १९७१ चा जो कायदा आहे, त्यात ध्वज कशावरही पांघरायला बंदी आहे. अपवाद तीनच आहेत, शासकीय इतमामातले, सशस्त्र दलांतले आणि निमलष्करी दलांतले अंत्यसंस्कार. राज्य पोलिसांचं वेगळं नाव तिथं नाही. म्हणजे हवालदाराच्या पार्थिवावर तिरंगा येतो तो राज्य सरकारनं शासकीय इतमाम मंजूर केल्यावर. तोच इतमाम २०१८ मध्ये श्रीदेवींना मिळाला होता. (मामांना हे कलम माहीत नव्हतं म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी तेही निघालं असतं.)

पण सैन्याकडून उचललेली जी गोष्ट खरोखर सलते, तिच्याबद्दल ना तुम्ही विचारलंत, ना मामा कधी बोलले. ती म्हणजे तोंड बंद ठेवणं. घटनेचं कलम ३३ संसदेला सैन्याबरोबरच सुव्यवस्था राखणाऱ्या दलांचेही मूलभूत हक्क कमी करण्याची मुभा देतं. त्यातून १९६६ चा कायदा आला. परवानगीशिवाय पोलिसानं संघटनेत जायचं नाही, वर्तमानपत्रांशी बोलायचं नाही. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्रात एकेकाळी पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना होती. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचं बंड झालं, लष्कर बोलवावं लागलं आणि ती संघटना संपली. वडील तेव्हा नवे भरती झालेले, लांब जिल्ह्यात. त्यांच्या पिढीनं त्यातून एकच धडा घेतला, आणि तो त्यांनी मामांसमोरही पाळला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बिगुल राहू द्या. सीमेवर, छावणीत राहणाऱ्या माणसाला जी शिस्त लागते ती चौकीत रोज नागरिकांशी बोलणाऱ्या माणसाला का लावायची? आणि लावायचीच तर सगळीच लावा. सैन्याला नव्या पेन्शन योजनेतून वगळलं. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर भरती झालेल्या पोलिसाची जुनी पेन्शन बंद झाली. सलामी सैन्यासारखी, मौन सैन्यासारखं, पेन्शन मात्र कारकुनासारखी! लिहायला हात शिवशिवत असतील तर यावर लिहा. तुम्हाला लिहिता येतं, आमच्या लाइनीतल्या माणसाला येत नाही.

आता जपून राहायच्या जागा. १९२२ चा पोलीस अप्रीती कायदा अजून जिवंत आहे. पोलिसांमध्ये सरकारविरुद्ध अप्रीती, म्हणजे असंतोष, पसरवली किंवा त्यांना शिस्तभंगाला फूस दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२० मध्ये मुंबईत एका वृत्तवाहिनीच्या पत्रकारांवर हेच कलम लावलं होतं. तेव्हा ‘सलामी बंद करा’ हे लिहा, ‘सलामीला जाऊ नका’ असं पोलिसांना सांगू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम २०१५ मध्ये रद्द झालं, फेसबुक पोस्टवरून झालेली पालघरच्या दोन मुलींची अटक कुणी विसरलेलं नाही, तरी चौकीतून फोन यायचे ते येतातच. फोनवर खुलासे देत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली लेखी नोटीस मागा, बहुतेक वेळा प्रकरण तिथंच थंडावतं. आणि कुणा एका गेलेल्या पोलिसाचं नाव घेऊन ‘हा कसला शूर’ असं लिहू नका. मृताची बदनामीही न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येते, घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू दिसला तर. मामा त्या दिवशी जे बोलले ते त्यांनी लिहून काढलं असतं, तर त्या नाइकाच्या घरच्यांचं वकीलपत्र मी फुकट घेतलं असतं.