माउंटिंगमध्ये सीलंट भरू का?

प्रश्न : माझी जुनी डिझेल गाडी उभ्या उभ्या थरथरते, गिअर टाकला की 'धाड' वाजतं. मेकॅनिक म्हणतो, इंजिन माउंटिंगच्या (इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणारा रबरी आधार) रबरात गाडीची काच चिकटवायचा सीलंट भरून देतो. भरू का?
– एक कास्तकार, दारव्हा

उत्तर : भाऊ, आधी बोनेट उघडा, हँडब्रेक ओढा, समोर कोणाला उभं राहू देऊ नका. इंजिन चालू ठेवून पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये क्लच किंचित सोडा. इंजिन उसळलं तर माउंटिंग गेलंच समजा. सीलंटनं उसळणं कमी होतं, पण थरथर थेट स्टेअरिंगवर येते. मी भरून पाहिला होता. यवतमाळपर्यंत दात वाजले, त्यापेक्षा बैलबंडी बरी! रबर लोखंडापासून सुटलं असेल तर भरून उपयोगच नाही, नवंच टाका. बदलताना इंजिन खालून जॅकवर पेलाल, तेव्हा जॅक अन् ऑइल पॅन (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) यांच्यामध्ये लाकडी फळी ठेवा. अन् वरून ऑइल ठिबकतं का तेवढं पाहा, नाहीतर नवं रबरही फुगेल.