आधी ते ॲप काढा, मग प्रवेशाचं बोलू

पत्र : ‘मुलगी बारावी सायन्सला आहे, वय १७. तिला इंटरनेटशी संबंधित कायदा शिकायचा आहे. माझं म्हणणं, आधी कॉम्प्युटर इंजिनीअरिंग कर, कायद्याचं मग बघू. अभ्यासातून लक्ष उडू नये म्हणून तिला न सांगता तिच्या फोनमध्ये एक ॲप टाकलंय, त्यामुळे तिचे मेसेज मला दिसतात. तिची समजूत कशी घालू?’ – एक वडील

नमस्कार.

शाखेचं पाहू, पण मी अडकलो तो ॲपच्या ओळीवर. तुमची काळजी खरी आहे. उपाय मात्र धोक्याचा आहे. अशा ॲपमधले मेसेज सहसा आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातात, तिथे साठतात आणि मग तुम्हाला दिसतात. तिथून डेटा फुटला, तर मुलीचं खासगी बोलणं, फोटो, ती कुठे असते, सगळं अनोळखी माणसांच्या हाती. बरीच ॲप बसवताना फोनची सुरक्षा तपासणी बंद करायला लावतात. मग दुसरं काही घातक शिरलं तरी कळत नाही. आणि तिच्या मैत्रिणींनी लिहिलेलंही तुम्ही वाचताय. त्यांना कुणी विचारलं?

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात कंपन्यांना १८ वर्षांखालील मुलांचा माग ठेवायला मनाई करणारी तरतूद आहे. सवलती आहेत, पण मोजक्या. घरगुती कारणासाठी माहिती हाताळणाऱ्या व्यक्तीला तो कायदा लागू होत नाही, हे खरं. पण कुणाची माहिती, कुणी, कशासाठी आणि कुणाला विचारून घेतली, याचाच अभ्यास तुमच्या लेकीला करायचा आहे. ॲप काढा आणि तिला सांगून काढा. ती रागावेल; ऐकून घ्या. ॲप काढल्याने सर्व्हरवरची प्रत जात नाही, म्हणून खातं बंद करून साठलेला डेटा पुसण्याची लेखी मागणी कंपनीकडे करा. मग तिला सगळे पासवर्ड बदलू द्या.

आता ‘आधी इंजिनीअरिंग’. हा गैरसमज फार पसरलाय. २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं) रद्द केलं, ते राज्यघटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारावर. तिथे कोडिंगचा प्रश्नच नव्हता. तंत्रज्ञान लागतं, पण बेताचं : आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा जोडणीचा पत्ता) काय सांगतो आणि काय सांगत नाही, सर्व्हरवरच्या नोंदी किती दिवस टिकतात, हॅश (फाइलचा डिजिटल ठसा; फाइल बदलली की तोही बदलतो) म्हणजे काय. नव्या साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्यांच्या कायद्याच्या, कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग पुरावा देणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ, आणि दोन्हींत हॅश नोंदवावा लागतो. नुसता स्क्रीनशॉट छापून नेला की गाडी इथेच अडते. एवढं तंत्रज्ञान कायदा शिकता शिकता जमतं. त्यासाठी ४ वर्षांची वेगळी पदवी नको. तिला स्वतःला इंजिनीअरिंग आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

प्रवेशाला क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) किंवा राज्याची लॉ सीईटी, मग बारावीनंतर ५ वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम. सहा महिन्यांच्या ‘सायबर लॉ’ डिप्लोमावर सनद (वकिलीचा परवाना) मिळत नाही, त्या जाहिरातींना भुलू नका.

तिची आवड खरी आहे का, हे तिलाच तपासू द्या. रोज वापरते त्या एका ॲपचं गोपनीयता धोरण पूर्ण वाचून तिने चार गोष्टी लिहाव्यात : कोणती माहिती घेतात, कशासाठी, कुणाला देतात, किती काळ ठेवतात. नवशिके शीर्षकं वाचून थांबतात. खरी मेख ‘भागीदार’ आणि ‘संलग्न कंपन्या’ या शब्दांत असते. मग संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं ठेवलंय का, ते स्वतः करून पाहावं. कायद्याची तशी अपेक्षा आहे. हे काम दुसऱ्या पानावरच रटाळ वाटू लागलं, तर तिने या वाटेचा पुन्हा विचार करावा, कारण या क्षेत्रात सुरुवातीची वर्षं बरीचशी अशा वाचनातच जातात.